होला ओळखताना मान आधी, रंग शेवटी

बाल्कनीच्या कठड्यावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘हा पारवा की कबूतर?’ बहुतेक वेळा तो दोन्हीपैकी कुणीच नसतो. तो होला असतो. मग ‘होला आहे’ एवढं सांगितलं की पुढची चूक होते: गावातले, शेतातले, टेकडीवरचे सगळे होले एकाच नावाखाली जमा होतात. महाराष्ट्रात सहज दिसू शकणारे होले चार-पाच जातींचे आहेत. त्यांत गोंधळ होण्याचं मुख्य कारण म्हणजे लोक आधी रंग बघतात. होल्याचा रंग फसवा असतो. तोच पक्षी सकाळी सातच्या उन्हात गुलाबी, दुपारी मातकट आणि आंब्याच्या सावलीत राखाडी दिसतो.

हा लेख ठिपकेवाल्या होल्याबद्दल आहे. बाकीचे होले येतील, पण फक्त त्यांना वगळण्यापुरते. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन टप्पे सोडून थेट आवाजावर किंवा अ‍ॅपवर उडी मारली की चूक ठरलेलीच.

सुरुवातीआधी: नावांचा घोळ मिटवा

ठिपकेवाला होला, ठिपकेदार होला, कवडा ही या एकाच पक्ष्याची नावं. पण ‘कवडा’ हे नाव गावोगाव कुठल्याही होल्याला लावतात, आणि ‘भोरी’चंही तसंच. कुणी ‘आमच्याकडे कवडे खूप’ म्हणालं तर ती जातीची नोंद समजू नका.

शास्त्रीय नावातही एक खड्डा आहे. जुन्या पुस्तकांत याची प्रजाती ‘स्ट्रेप्टोपेलिया’ छापलेली असते, नव्या याद्यांत ती ‘स्पायलोपेलिया’ झाली आहे. पक्षी तोच आहे, म्हणून पुस्तक आणि अ‍ॅप यांची नावं जुळली नाहीत तर घाबरू नका, पुढचा शब्द बघा. तो ‘चायनेन्सिस’ असेल, किंवा काही याद्यांत ‘सुरतेन्सिस’. आपल्या भागातल्या उपजातीचं नाव ‘सुरतेन्सिस’, म्हणजे सुरतेचा. गंमत अशी की ज्याच्याशी त्याची सर्वाधिक गल्लत होते, त्या छोट्या तपकिरी होल्याची इथली उपजात ‘कंबायेन्सिस’, म्हणजे खंभातचा. दोघे भाऊ गुजरातच्या दोन बंदरांची नावं घेऊन फिरतात.

तयारी

दुर्बीण असेल तर ८ पटीची पुरे. १० पटीची हातात हलते आणि नवख्याला मानेवरचे ठिपके धूसर दिसतात. दुर्बीण नसली तरी चालेल, कारण होला माणसाला फारसा बुजत नाही. १०-१५ मीटरवर शांत उभं राहिलात तर तो टिपणं चालू ठेवतो.

वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. पक्षी आणि सूर्य एकाच बाजूला असतील तर फक्त काळी आकृती दिसेल आणि मानेचा पट्टा हमखास चुकेल. अशा वेळी पक्ष्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा. सरळ त्याच्या रोखाने चालू नका.

खिशात एक लहान वही ठेवा आणि घरीच तिच्या पानावर होल्याची साधी बाह्याकृती काढून ठेवा: डोकं, मान, पाठ, शेपूट. मैदानात फक्त खुणा करायच्या. फोनचा कॅमेरा चालेल, पण झूम करून काढलेल्या फोटोत रंग बदलतो आणि ठिपके विरघळतात. म्हणून आधी डोळ्यांनी बघून लिहा, फोटो मागून काढा.

मोजमापाला दोन ओळखीचे पक्षी डोक्यात ठेवा: साळुंकी आणि पारवा. ठिपकेवाला होला चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे लांबीला पारव्याच्या जवळपास. पण त्या लांबीत शेपटीचा वाटा मोठा आहे. वजनाला तो पारव्याच्या निम्माच भरेल.

टप्पा १: पारवा बाजूला काढा

पारव्याची मान जाड, तिच्यावर हिरवी-जांभळी चमक, पंखावर दोन ठळक काळे पट्टे आणि चोचीच्या मुळाशी पांढरट फुगवटा. तो गटाने राहतो आणि इमारतींच्या खोबणीत बसतो. होला सडपातळ, डोकं लहान, शेपूट लांब. तो एकटा किंवा जोडीने दिसतो आणि झाड, तार किंवा मातीची वाट पसंत करतो.

हिरवट-पिवळा पक्षी पिंपळ-वडाच्या शेंड्यात फळं खाताना दिसला तर तो हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याच्यावर वेळ घालवायला नको.

हा टप्पा सोपा वाटतो म्हणून लोक तो उडवतात आणि त्याचे परिणाम नुसत्या नोंदवहीपुरते राहत नाहीत. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘कबुतर म्हणजे आजार’ एवढंच डोक्यात बसलं की सोसायटीच्या कुंडीत बसलेल्या होल्याच्या जोडीलाही हाकललं जातं. खाणं टाकलेल्या जागी शेकड्यांनी जमून विष्ठेचे थर लावतो तो पारवा. होल्याची एक जोडी तसं काही करत नाही.

टप्पा २: मानेची मागची बाजू

इथेच सगळं ठरतं. पक्षी पाठमोरा होईपर्यंत थांबा आणि मानेच्या मागे काय आहे एवढंच बघा.

काळ्या रुंद पट्ट्यावर पांढऱ्या बारीक ठिपक्यांची गर्दी असेल, जणू बुद्धिबळाचा पट मानेवर टाकलाय, तर तो ठिपकेवाला होला. दुसऱ्या कुठल्याही होल्याला मागे असा पट नसतो. तो स्पष्ट दिसला असेल तर ओळख झालीच, पुढचे टप्पे फक्त खात्रीसाठी.

मागे एकच बारीक काळी रेघ, अर्ध्या कंठीसारखी, असेल तर तो कंठवाला होला किंवा लाल होला. दोघांतला फरक नंतर बघू.

मानेच्या मागे नाही, दोन्ही बाजूंना काळ्या आणि निळसर राखाडी तिरक्या रेघांचा छोटा चौकोन असेल, आणि पक्षी थोराड, पाठीवर तांबूस खवले असलेला असेल, तर तो मोठा तपकिरी होला. काही पुस्तकांत वेगळं नाव सापडेल. हा मुख्यतः झाडीच्या भागात दिसतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आणखी येतात.

मागे काहीच नसेल तर टप्पा ३ वर जा.

सावधान: मान ताणली की ठिपक्यांचा पट आक्रसून काळपट डाग उरतो, आणि मान खाली घालून दाणे टिपताना तोच पट पंख्यासारखा उघडतो. ताठ बसलेल्या होल्याची मान बघून निर्णय देऊ नका, तो वाकेपर्यंत थांबा. होला समोरून दिसत असेल तर पट जवळजवळ झाकलेला असतो, फक्त मानेच्या कडांना थोडा डोकावतो.

टप्पा ३: मानेची पुढची बाजू

आता पक्षी तुमच्याकडे तोंड करून हवा. छातीच्या वरच्या भागात तांबूस पट्ट्यावर काळे ठिपके, म्हणजे गळ्यात पुढून माळ घातल्यासारखे, असतील तर तो छोटा तपकिरी होला. ठिपकेवाल्या होल्याची छाती सलग फिकट जांभळट-गुलाबी असते, तिच्यावर एकही ठिपका नसतो.

निम्म्याहून अधिक चुका याच जागी होतात. दोघांच्याही मानेवर ठिपके आहेत, आणि ‘ठिपके दिसले’ एवढ्यावर लोक नाव देऊन मोकळे होतात. प्रश्न ‘ठिपके आहेत का’ असा नाहीच, ‘ठिपके कुठे आहेत’ असा आहे. मागे शाल पांघरलेला तो ठिपकेवाला, पुढे माळ घातलेला तो छोटा तपकिरी. लहान मुलांना मी असंच सांगतो आणि ती मोठ्यांपेक्षा कमी चुकतात.

तपासणी: वहीतल्या आकृतीवर आत्ताच खूण करा. ‘मागे’ किंवा ‘पुढे’ एवढा एकच शब्द लिहा. घरी येऊन आठवायला गेलात तर ठिपके मनातल्या मनात हवे तिथे सरकतात.

टप्पा ४: पाठ आणि पंख

ठिपकेवाल्या होल्याची पाठ आणि मिटलेले पंख तपकिरी, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला फिकट गुलाबी-पिवळसर डाग. लांबून सगळी पाठ चितारल्यासारखी दिसते. छोट्या तपकिरी होल्याची पाठ साधी, आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टा. तो उडताना अधिकच ठळक होतो. कंठवाल्या होल्याची पाठ वाळूच्या रंगाची, अगदी कोरी.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी इथे एक इशारा आहे. सिडनी-मेलबर्नमध्ये दिसणारा ठिपकेवाला होला माणसांनी नेऊन सोडलेला आहे आणि तो पूर्वेकडच्या उपजातींचा. त्याच्या मानेवर पट असतो, पण पाठीवर आपल्याकडच्यासारखे डाग नसतात. इंटरनेटवरचे बरेच फोटो तिकडचे असतात. गावाकडच्या पक्ष्याची त्या फोटोशी तुलना केली तर ‘हा वेगळाच’ असं वाटणार. उलट लंडनच्या किंवा अमेरिकेतल्या घराच्या कुंपणावर बसलेला, मागे काळी रेघ असलेला फिकट होला बहुतेक कंठवालाच असतो.

टप्पा ५: शेपूट आणि उडणं

ठिपकेवाला होला वाटेवरून उडतो तेव्हा पंखांचा फडफड आवाज होतो, शेपूट पसरते आणि तिच्या बाहेरच्या काळ्या पिसांची पांढरी टोकं चमकून जातात. शेपूट लांब, पायरीपायरीने निमुळती. छोट्या तपकिरी होल्याच्या शेपटीलाही पांढरी टोकं असतात, म्हणून नुसत्या पांढऱ्या टोकांवर निकाल देऊ नका. त्याच्या पंखावरचा निळा पट्टा दिसला का, ते बघा.

कंठवाला आणि लाल होला यांचा फरक इथे उरकून टाकू. कंठवाला मोठा, साधारण ३२ सेंटिमीटर, लांब शेपटीचा, फिकट. लाल होला साळुंकीएवढा किंवा तिच्याहून लहान, शेपूट आखूड, अंगाने गुटगुटीत. नर विटकरी-गुलाबी आणि डोकं राखाडी-निळं. त्याला ओळखणं सोपं आहे. मादी मात्र मातकट असते आणि लहान कंठवाल्यासारखी दिसते. मी एक अख्खा हिवाळा या माद्यांची नोंद ‘कंठवाला, पिल्लू’ अशी करत होतो. मग एका सकाळी तारेवर तशाच एका ‘पिल्ला’समोर विटकरी नर मान फुगवून वाकताना दिसला आणि वहीतली चार पानं खोडावी लागली. तेव्हापासून आकार आणि शेपटीची लांबी लिहिल्याशिवाय मी कंठवाला लिहीत नाही.

टप्पा ६: आवाज

आवाज खात्रीसाठी वापरा, सुरुवातीसाठी नको. कारण होल्यांचे सगळे आवाज ‘घूऽ घूऽ’ या एकाच घराण्यातले आहेत, आणि कान तयार व्हायला एखादा पावसाळा तरी जातो.

ठिपकेवाला: ‘क्रूऽ-क्रुक्‌-क्रूऽऽ’ किंवा ‘कुक्‌रूऽ-क्रू-क्रू’ असा खर्जातला, थोडा खरखरीत, संथ आवाज. शेवटचा सूर पुन्हा पुन्हा वाढवतो. दुपारच्या शांततेत आमराईतून येतो तो बहुधा हाच.

छोटा तपकिरी: पाच-सहा मऊ, भराभर सूर, मध्ये चढून उतरणारे. कुणी तोंड मिटून हसतंय असं वाटतं. इंग्रजी नावातही हसणं आलंय ते त्यामुळेच.

कंठवाला: तीन सूर, मधला लांब. ‘कु-कूऽऽ-कुक्‌’. उतरताना चिडल्यासारखा ‘क्वर्र’ करतो.

लाल होला: न थांबता ‘गुर्‌गुगुगुर्‌’, लांबवर कुठेतरी इंजिन चालू असल्यासारखा.

दोन गल्लती नेहमीच्या. ‘ऊप ऊप ऊप’ असा घुमणारा, एकसारखा आवाज भारद्वाजाचा असतो, होल्याचा नाही. आणि भर उन्हात हातोडीसारखं न थकता ‘टुक टुक’ करतो तो तांबट.

मर्लिनसारख्या अ‍ॅपवर आवाज टाकणार असाल तर पक्ष्याच्या जवळ जा आणि रस्त्याकडे पाठ करा. गाडीच्या घरघरीत होल्याचा खर्जातला आवाज बुडतो. अ‍ॅपने नाव सुचवलं की ते गृहीतक समजा आणि टप्पा २ कडे परत या. उलट दिशेने, म्हणजे पक्षी जवळ यावा म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. नर घरटं किंवा खाणं सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो.

टप्पा ७: जागा

जागेवरून नाव ठरत नाही, पण चुकीचं नाव उघडं पडतं. कोकण आणि गोव्यात, जिथे पाऊस भरपूर आणि झाडी दाट, तिथे परसात दिसणारा होला बहुधा ठिपकेवालाच. छोटा तपकिरी तिथे कमी. देशावर उलटं: पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या कोरड्या, खुरट्या झाडीत छोटा तपकिरी पावलोपावली, आणि तिथून खाली बंगल्यांच्या बागांत उतरलात की ठिपकेवाला. सोलापूर-नगरकडच्या उघड्या माळावर, बाभळीच्या शेंड्यावर कंठवाला बसलेला असतो.

सह्याद्रीच्या जंगलवाटेवर पुढ्यातून खाली-खालीच एखादा हिरव्या पंखांचा, लाल चोचीचा पक्षी सुसाट गेला तर तो पाचू होला. त्याला ओळखायला हा लेख लागत नाही.

फसवा टप्पा: मान कोरी असलेलं पिल्लू

नुकत्याच उडू लागलेल्या ठिपकेवाल्या होल्याच्या मानेवर पट नसतो, किंवा मळकट सावलीसारखा असतो. पाठीवरचे डागही पुसट, अंगभर तपकिरी. टप्पा २ मध्ये ‘मागे काहीच नाही’ आणि टप्पा ३ मध्ये ‘पुढेही काही नाही’ असं उत्तर आलं तर नवीन जात शोधू नका, पिल्लू आहे का बघा. दहा मिनिटं थांबलात तर बऱ्याचदा मोठा होला जवळ येतो, आणि त्याची मान बघून प्रश्न सुटतो. नाही आला तर वहीत ‘होला, जात नक्की नाही’ असं लिहा. अशी नोंद लिहायला लाजू नका, चुकीच्या नावापेक्षा ती कामाची असते.

नर-मादी मात्र दिसण्यावरून सांगू नका. ठिपकेवाल्यात दोघे सारखेच. मान फुगवून, डोकं वर-खाली करत दुसऱ्यापुढे वाकून घुमतोय तो नर, इतकंच वागण्यावरून म्हणता येतं.

टप्पा ८: तो काय करतोय ते वाचा

नाव कळलं की बहुतेक जण दुर्बीण खाली ठेवतात. अजून पाच मिनिटं थांबा.

होला एकदम चढ्या कोनात वर जातो, पंख टाळीसारखे वाजवतो आणि मग पंख-शेपूट पसरून तरंगत खाली येतो. ती नराची प्रणयफेरी. तो घाबरला नाही आणि त्याच्यामागे शिक्राही लागलेला नाही. अशी फेरी दिसली की आसपास जोडी जमली आहे असं समजा.

एक पंख उचलून, अंग कलंडून उन्हात पडलेला होला जखमी नसतो. तो ऊन घेत असतो. पहिल्या सरीत तसाच पंख वर करून तो पाऊसही अंगावर घेतो. ‘पंख मोडलाय’ म्हणून पकडायला धावू नका. माणूस जवळ गेल्यावर सरळ उडाला की समजलंच.

पाण्यावर त्याला नीट बघा. चिमणी किंवा साळुंकी घोटभर पाणी चोचीत घेऊन मान वर करते. होला चोच पाण्यात बुडवून सलग ओढतो, मान वर न करता. म्हणून त्याला उथळ बशीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पाणी असलेलं पसरट मातीचं भांडं लागतं. भांडं रोज घासा आणि मगच भरा. शेवाळलेल्या, विष्ठा पडलेल्या पाण्यातून कबूतरवर्गाला घशाचा रोग पसरतो. घासणं जमणार नसेल तर भांडं न ठेवलेलं बरं.

खाणं म्हणजे जमिनीवर पडलेलं बी: गवताचं, ज्वारी-बाजरीचं, तणाचं. वाटेवर तो बारीक खडेही टिपतो, पोटात बी दळायला. दाणे घालायचेच तर मूठभर, आणि पारवे जमायला लागले की थांबा. पाव, शेव, भात नको.

टप्पा ९: कुंडीत घरटं झालं तर

होल्याचं घरटं म्हणजे पंधरा-वीस काटक्यांचा विरळ मांडव. खालून पाहिलं तर कधी कधी अंडी दिसतात. अनेकांना ते अर्धवट वाटतं आणि माया उफाळून येते: कुणी कापूस घालतं, कुणी पुठ्ठ्याचा डबा लावतं, कुणी नारळाची शेंडी. काहीही घालू नका. कापसाच्या धाग्यात पिल्लांचे पाय अडकतात. घरटं तेवढंच असतं.

क्रम असा. दोन पांढरी अंडी, दुसरं बहुधा एक-दोन दिवसांनी. मग साधारण दोन आठवडे उबवणं. नर-मादी दोघे बसतात. या कुळात दिवसाची पाळी सहसा नराची आणि रात्रीची मादीची असते. त्यानंतर आणखी साधारण दोन आठवडे पिल्लं घरट्यात. म्हणजे महिनाभर कुंडी तुमची नाही. होले वर्षभर कधीही घरटी करतात, त्यामुळे ‘सीझन संपला की काढू’ हा हिशेब इथे चालत नाही. पिल्लं उडून गेल्यावर आठवडाभर रिकामं दिसलं तरच काटक्या काढा, कारण तीच जोडी त्याच जागी परत अंडी घालू शकते.

या महिन्यात कुंडीला पाणी कडेने, हळू, संध्याकाळी घाला. दिवसातून एकदाच डोकवा, तेही दुरून. होला उठून गेला तर लगेच मागे व्हा. सगळ्यात घातक म्हणजे पाहुण्यांना दाखवण्यासाठी फांदी बाजूला करणं. ती फांदीच कावळ्यापासूनचा आडोसा असते.

इशारा: अंडी असलेलं घरटं हलवणं किंवा फेकणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. होला पकडून पिंजऱ्यात ठेवणंही. रंगकाम, एसीची दुरुस्ती महिनाभर पुढे ढकला.

टप्पा १०: पिल्लू खाली पडलं तर

आधी पिसं बघा. अंगभर पिसं, शेपूट आखूड, उभं राहता येतं, टुणटुण पळतं: असं पिल्लू घरटं सोडून बाहेर पडलेलं असतं. त्याला जवळच्या झुडपात किंवा उंच कठड्यावर ठेवा, मांजर आत घ्या आणि लांबून तासभर बघा. आई-बाप येऊन भरवतात.

पिवळट विरळ लव, डोळे मिटलेले किंवा नुकते उघडलेले: असं पिल्लू उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात हा समज चुकीचा आहे. घरटंच कोसळलं असेल तर एखादी छोटी बांबूची टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला डबा त्याच फांदीवर बांधून त्यात मूळच्या काटक्या आणि पिल्लू ठेवा. बाहेरचं सामान वापरायची मुभा फक्त या एका प्रसंगात.

दूध देऊ नका, दूध-पाव तर नाहीच. होल्याची पिल्लं पहिल्या दिवसांत आई-बापाच्या अन्नपिशवीत तयार होणारा घट्ट पदार्थ खातात. त्याला ‘कबुतराचं दूध’ म्हणतात, पण गाई-म्हशीच्या दुधाशी त्याचा संबंध नाही. पिल्लू आपली चोच मोठ्याच्या तोंडात खुपसून ते घेतं, आ वासून वाट बघत नाही. म्हणून ड्रॉपरने चोचीत सोडलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू तुमच्या हातात मरतं. हे मी फार वेळा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी माणूस प्रामाणिकपणे मदतच करत होता.

मांजराने धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या दाताची बारीक जखम दिसत नाही आणि दोन दिवसांत जंतुसंसर्ग होतो. पकडताना होल्याची मूठभर पिसं हातात आली तर घाबरू नका. शिकाऱ्याच्या तावडीतून निसटण्यासाठी त्याची पिसं सैल असतात आणि ती पुन्हा येतात. काचेवर आपटून गरगरलेला होला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, तास-दोन तास ठेवा. पाणी पाजू नका, सारखं उघडून बघू नका. मग मोकळ्या जागी खोकं उघडा. उडाला नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

टप्पा ११: नोंद कशी लिहायची

नाव शेवटी लिहा. आधी तारीख, वेळ, जागा, उजेड कुठून होता. मग मान मागून, मान पुढून, पाठ, शेपूट, आवाज, वागणं. ज्या गोष्टी दिसल्या नाहीत त्यांच्यापुढे ‘दिसलं नाही’ असं लिहा, ती जागा कोरी ठेवू नका.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

‘सकाळी ७.२०, घरामागची वाट, ऊन पाठीशी. दोन होले, दाणे टिपत. मागे काळा पट, पांढरे ठिपके, दोघांना. पुढे छाती कोरी, गुलाबी. पाठ डागांची. उडताना शेपटीची टोकं पांढरी. आवाज नाही. तिसरा कुंपणावर, मान कोरी, शेपूट आखूड, मोठा त्याच्याजवळ गेला आणि भरवलं. ठिपकेवाला होला, २ मोठे, १ पिल्लू.’

ही नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवताना पिल्लाचा आकडाही धरा, पण शेऱ्यात ‘पिल्लू, भरवताना पाहिलं’ एवढं जरूर लिहा. त्या एका ओळीने तुमच्या गल्लीत त्या महिन्यात होल्यांनी पिल्लं वाढवली, हे नोंदलं जातं.